चौकात भेट म्हणून आलेलं शिल्प पालिकेने घ्यावं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या इथली जी बाग आहे, जिथे संध्याकाळी पोरं सायकल शिकतात आणि वयस्कर माणसं कट्ट्यावर बसून असतात, तिच्या एका कोपऱ्यात वीस फुटी स्टीलचं शिल्प बसवायचा प्रस्ताव एका खाजगी संस्थेने दिलाय असं कळलं. शिल्प ते देणार, बसवून पण तेच देणार, पालिकेला एक रुपया खर्च नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या आणि जोडलेले हात टाकले, आणि मी लिहिलं की मला यात शंका आहे, तर लगेच दोघातिघांनी विचारलं, मॅडम तुम्ही ३१ वर्षं चित्रकला शिकवलीत आणि तुम्हीच शिल्पाला विरोध करताय? मोबाईलवर टाईप करून सगळं सांगता येईना म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा असेल तेवढं छापा.

विरोध शिल्पाला नाहीच. मला तर वाटतं मुंबईत चांगली शिल्पं खूप कमी आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की कोणी फुकट देतंय म्हणून घेऊ नये, आणि घ्यायचं तर ते सांभाळायचे पैसे आणि एक लेखी करार सोबत घ्यावा, आणि त्याच्याही आधी ज्यांच्या बागेत ते बसणार त्यांना विचारावं.

मी दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांआधी वर्गातल्या मुलांना राणीच्या बागेत न्यायचे. मुलांना माकडं आणि हत्ती बघायची घाई असायची, पण मी आधी भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात बसवायचे, कागद काढा, घोडा काढा. तो घोडा म्हणजे आपला खरा काळा घोडा. ज्याच्या नावाने फोर्टातला अख्खा भाग ओळखला जातो तो घोडा भायखळ्यात उभा आहे हे मुलांना पहिल्यांदा कळायचं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. पाठीवर सातवा एडवर्ड, म्हणजे पुतळा केला तेव्हा तो राजपुत्रच होता, १८७५ ला मुंबईत येऊन गेला त्याची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये हा पुतळा शहराला दिला. घडवला बोएम नावाच्या शिल्पकाराने. काम इतकं उत्तम आहे की घोड्याच्या मानेचा स्नायू काढताना हुशार मुलांचे सुद्धा खोडरबर संपायचे. पण तो भेट म्हणून आला होता, आणि भेट कोणाला खूष करायला आली होती हे उघड आहे. शहरातल्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं, तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. १९६५ ला तो तिथून उचलून भायखळ्याला आणला. म्हणजे ८६ वर्षं तो चौकात होता आणि आता जवळजवळ ६० वर्षं होतील तो म्युझियमच्या आवारात आहे. देणाऱ्याचा खर्च १८७९ ला संपला, त्यानंतर जागा, हलवाहलव, राखण, सगळं शहराने केलंय.

तिथेच आवारात राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा आहे, मॅथ्यू नोबल या शिल्पकाराचा, तो तर बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. १८७२ ला बसवला. आणि १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याच्या तोंडाला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. आपल्याच एका संस्थानिकाने दिलेली भेट, आणि पंचवीस वर्षांत आपल्याच एका तरुणाला ती सहन होईना. आता तो पुतळा त्याच्या मखराशिवाय उभा आहे. मुलं विचारायची बाई हिला इथे का ठेवलंय, आणि मी त्यांना सगळं सांगायचे, कारण माझ्या मते तो पुतळा फोडण्यापेक्षा असा ठेवला हे बरं झालं. पण यातून एक गोष्ट मला कायमची कळली, चौकात काहीही उभं केलं की शहर त्याला मान देतंय असंच लोक समजतात, देणारा कोण होता हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आता याच्या उलट सांगते. फोर्टात, मिंट रोडच्या तिथे, मुळजी जेठा फाउंटन आहे. बऱ्याच जणांनी बघितलं असेल पण थांबून बघितलं नसेल. रतनसी मुळजी या व्यापाऱ्याचा एकुलता मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला, त्याच्या आठवणीत वडिलांनी १८९४ मध्ये हे कारंजं बांधून शहराला दिलं. डिझाईन एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं, ज्याने व्हीटी स्टेशन उभं केलं त्याच माणसाचं. आणि सगळ्यात वर काय आहे, तर हातात पुस्तक घेतलेला एक मुलगा. वडिलांनी स्वतःचा पुतळा नाही लावला, पोराचा लावला, आणि खाली येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी दिलं. मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा माझा मुलगा साधारण त्याच वयाचा होता, मला तिथे उभं राहवेना. मुंबईत अशा प्याऊ, म्हणजे दगडी पाणपोया, जिथेतिथे होत्या, भाट बाजारात केशवजी नाईकांचं कारंजं आहे १८७६ चं, अजून बऱ्याच आहेत, कोणी आईच्या नावाने बांधली कोणी बायकोच्या, माणसाला पाणी, बैलांना पाणी, आणि वरती कोरीवकाम. हे सुद्धा दान आलेलं सार्वजनिक शिल्पच की. फरक एवढा की हे ज्या रस्त्यावर होतं त्या रस्त्याला त्याचा उपयोग होता. पण सांभाळायचे पैसे त्यांच्यासोबतही आले नव्हते, म्हणून किती प्याऊ कोरड्या पडल्या, कित्येक प्याऊंपुढे टपऱ्या लागल्या. मुळजी जेठाचं काम २०१७ च्या सुमारास नीट करून घेतलं गेलं म्हणून आज ते दिसतं तरी.

फ्लोरा फाउंटनची पण तीच कथा. १८६४ चं, एकूण खर्च ४७,००० रुपये, त्यातले २०,००० करसेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले. गंमत म्हणजे ते मुळात आमच्या राणीच्या बागेसाठी ठरलेलं होतं आणि उभं राहिलं फोर्टात. इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड स्टोन, तो दगड श्वास घेतो, आणि आपण वर्षानुवर्षं काय केलं तर त्याला पांढरा ऑइलपेंट मारला. एकावर एक थर. साफ दिसावं म्हणून मारला असणार, मारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की या दगडाला रंग मारायचा नसतो, पाणी आत अडकतं आणि दगड आतून फुटतो. शेवटी ते सगळे थर काढून, आतले पाईप दुरुस्त करून, २०१९ च्या जानेवारीत ते परत चालू झालं, दोनतीन वर्षं गेली त्या कामात. शिल्प देताना सोबत एक कागद लागतो, कशाने धुवायचं, कशाने नाही, किती वर्षांनी काय तपासायचं. हा कागद मी आजपर्यंत कुठल्याच उद्घाटनात बघितला नाही.

आता आमच्या चौकातलं सांगते, नाव कोणाचंच घेत नाही कारण मला भांडण नकोय. सात वर्षांपूर्वी आमच्या ट्रॅफिक आयलंडवर एका खाजगी कंपनीने कमळासारखं एक स्टीलचं शिल्प बसवून दिलं. फीत कापली, फोटो आले, खाली कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात, शिल्पकाराचं नाव कुठेच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगचे जोड तांबूस झाले. माझा एक जुना विद्यार्थी फॅब्रिकेशनमध्ये आहे, तो बघून म्हणाला बाई हे २०२ ग्रेडचं दिसतंय, समुद्राच्या हवेत ३१६ च लागतं, ३०४ ला पण डाग पडतात, हे टिकायचं नाही. आणि झालं तसंच. चौथ्या वर्षी एक पाकळी वाकली, तिचा पत्रा कापल्यासारखा बाहेर आलाय, आणि कमळाच्या खाली जी परातीसारखी गोल थाळी आहे तिचं भोक कचऱ्याने बुजलं, आता पाऊस पडला की महिनोन्‌महिने पाणी साचून राहतं, डास होतात. मी अर्ज केला. एका कार्यालयात म्हणाले की हे आमच्या मालमत्तेच्या यादीत नाही, यादीत नाही तर बजेट कुठून टाकू. दुसरीकडे म्हणाले आयलंड दत्तक दिलेलं होतं, मुदत संपली. देणाऱ्यांना फोन केला तर त्यांनी फार नम्रपणे सांगितलं की मॅडम आम्ही ते शहराला अर्पण केलंय, आता ते शहराचं आहे. म्हणजे आजच्या तारखेला त्या कमळाला मालकच नाही. काढून टाका म्हटलं तर काढायचा अधिकार कोणाकडे आहे हे पण कोणाला सांगता येत नाही. हे ज्यांनी दिलं त्यांना मी दोष देत नाही, ज्यांनी कागद न करता घेतलं तिथे चूक झाली.

कोणी म्हणेल नियम आहेत ना. आहेत, मला जेवढे माहीत आहेत तेवढे सांगते. सुप्रीम कोर्टाने १८ जानेवारी २०१३ ला सांगितलंय की सार्वजनिक रस्ते, फूटपाथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामं यांना राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये, दिव्याचे खांब वगैरे सोडून. राज्य सरकारची पुतळ्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं आहेत, कला संचालनालयाकडून मातीचं मॉडेल पास करून घ्यावं लागतं, पोलिसांचा अहवाल लागतो, जिल्हाधिकाऱ्यांकडे फाईल जाते. पण हे सगळं मुख्यतः थोर व्यक्तींच्या पुतळ्यांसाठी आहे. कोणी कमळ दिलं, मासा दिला, नुसता वाकवलेला पाईप दिला तर तो 'सुशोभीकरण' या नावाखाली येतो आणि आमच्या इथे तरी असल्या वस्तूची परीक्षा कोणी घेतल्याचं मी बघितलं नाही. हेरिटेज कमिटी आहे ती हेरिटेज वास्तू आणि परिसरापुरती. दिल्लीत १९७३ च्या कायद्याने अर्बन आर्ट कमिशन, म्हणजे शहराच्या देखणेपणावर लक्ष ठेवणारा आयोग, बसवलंय, त्याचं काम कसं चालतं यावर वाद असतील पण निदान दार ठोठवायला एक दार तरी आहे.

आणि नियम असून सुद्धा काय होतं ते आपण मालवणला बघितलं. राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, नऊ महिने पण झाले नव्हते. तो दानातला नव्हता, नौदलाने उभारलेला होता, पण नंतर बाहेर आलं की कला संचालनालयाने जे मातीचं मॉडेल बघितलं ते सहा फुटाचं होतं, आणि नटबोल्ट गंजतायत असं पत्र बांधकाम खात्याने पडायच्या काही दिवस आधीच दिलेलं होतं. ती बातमी बघून मी त्या दिवशी जेवले नाही. गंज दिसला होता, पत्र गेलं होतं, आणि पत्र मिळाल्यावर लगेच शिडी लावून वर चढायचं कोणी हे ठरलेलं नव्हतं.

अजून एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहितीये आणि शिल्प स्वीकारणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला माहिती असायला पाहिजे. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं एक प्रचंड ब्राँझ म्युरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, होतं, साधारण १४० फूट लांब. सरकारनेच करून घेतलेलं. १९७९ मध्ये दुरुस्तीच्या वेळी ते काढलं आणि गोदामात टाकलं, तुकडे हरवले. सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की कलाकृती विकत घेतली तरी कलाकाराचा तिच्यावरचा नैतिक हक्क संपत नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे. पाच लाख रुपये भरपाई आणि उरलेलं म्युरल परत. मला त्या निकालाचा अभिमान आहे, कलाकाराच्या बाजूने एवढं स्पष्ट कोणीतरी बोललं. पण याचाच दुसरा अर्थ असा की पालिकेने उद्या एखादं शिल्प नुसतं घेऊन ठेवलं आणि नंतर मेट्रोसाठी नाहीतर गटारासाठी तोडलं, तर शिल्पकार कोर्टात जाऊ शकतो आणि ते बरोबरच असेल. म्हणून घ्यायच्या आधीच शिल्पकाराबरोबर, फक्त देणगीदाराबरोबर नाही, करार व्हायला पाहिजे की हलवायचं झालं तर कसं, परत द्यायचं झालं तर कोणाला, किती वर्षांनी एकत्र बसून बघायचं.

देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी घेणाऱ्याला विचारावं लागतं याचा अनुभव आपल्या देशाने देणारा म्हणून पण घेतलाय. २०१६ मध्ये घानाच्या विद्यापीठाला भारताने गांधीजींचा पुतळा दिला, आपले राष्ट्रपती प्रणव मुखर्जी स्वतः गेले होते. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी, गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तरुणपणी आफ्रिकन लोकांबद्दल जे लिहिलं होतं ते पुढे करून, विरोध केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा काढला गेला. मला गांधीजींबद्दल फार आदर आहे, ती बातमी वाचून वाईट वाटलं. तरीही आधी त्यांना विचारलं असतं तर हा अपमान ना गांधीजींचा झाला असता ना त्यांचा.

आणि संपादक साहेब, तुमच्या व्यवसायातलंच एक उदाहरण देते. अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ही फ्रान्सच्या लोकांनी दिलेली भेट. पण तो उभा करायला चौथरा अमेरिकेने बांधायचा होता आणि पैसे जमेनात. तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी १८८५ मध्ये आपल्या वर्तमानपत्रातून आवाहन केलं आणि शब्द दिला की ज्याने जेवढे दिले, अगदी चार पैसे दिले तरी, त्याचं नाव छापणार. पाच महिन्यांत एक लाख डॉलरच्या वर जमले, सव्वा लाखाच्या आसपास लोकांकडून, बहुतेकांनी एक डॉलर पण नव्हता दिला. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलांना वाटायचं चौथरा म्हणजे काय एवढं मोठं काम, मग मी त्यांना फळ्यावर पुतळा आणि चौथरा मापात काढून दाखवायचे आणि सगळे गप्प व्हायचे. भेट कोणी का देईना, चौथरा आपल्यालाच बांधावा लागतो, पण तो लोकांनी स्वतः पैसे घालून बांधला म्हणून पुतळा लोकांचा झाला असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे पण असं झालंय. काळा घोडा गेल्यावर तो चौक पन्नास वर्षं नावाचाच होता, मग २०१७ मध्ये तिथल्या काळा घोडा असोसिएशनने नवा घोडा बसवला, कल्पना आर्किटेक्ट अल्फाज मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. पाठीवर कोणीच नाही. नुसता घोडा. मला तो फार आवडतो. जुन्यात जे खटकत होतं ते काढलं आणि जे लोकांच्या जिभेवर होतं ते ठेवलं, आणि हे त्या भागात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या लोकांनी केलं. सोबत कोणाच्या कंपनीची जाहिरात करावी लागली नाही.

म्हणून आमच्या बागेचा प्रस्ताव घेऊन जे आलेत त्यांना माझी विनंती आहे, शिल्पाचं छोटं मॉडेल आणि मापाचं चित्र बागेच्या गेटवर महिनाभर लावा, शेजारी एक वही ठेवा, मुलांना पण लिहू द्या. स्टीलचं ग्रेड लिहून द्या. शिल्पकाराचं नाव तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात टाका. पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची रक्कम पालिकेकडे वेगळ्या खात्यात ठेवा, आणि पालिकेने ते शिल्प पहिल्याच दिवशी आपल्या मालमत्तेच्या यादीत नोंदवावं. आणि लोकांनी नको म्हटलं तर राग मानू नका. आम्हाला सायकल शिकायची जागा हवी असेल तर ते पण तुमच्या शिल्पाइतकंच खरं आहे.

आणि खरंच शहरासाठी काही द्यायचं मनात असेल तर नवीन कशाला, कंपनी कायद्यात कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाची, म्हणजे सीएसआरची, जी यादी आहे तिच्यात जुन्या कलाकृती आणि ऐतिहासिक जागांची दुरुस्ती पण बसते. एखादी कोरडी पडलेली प्याऊ घ्या, तिचा नळ चालू करा, तिच्यावरची कोरीव अक्षरं साफ करा, खाली लहान पाटी लावा तुमच्या नावाची, मी स्वतः मुलांना घेऊन येईन आणि स्केच करायला बसवेन.

त्या चौकातल्या कमळासाठी मी या महिन्यात तिसऱ्यांदा अर्ज दिलाय. पाकळीचं नंतर बघा, पण परातीतलं पाणी तरी कोणीतरी येऊन काढा आणि ते भोक मोकळं करा, पावसाळा तोंडावर आलाय आणि बरोबर समोर बालवाडी आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, भायखळा